डॉक्टर डेनिस बर्किट

आयर्लंडच्या उत्तर भागातील एनिस्किलन गावी सन १९११ मध्ये डेनिस बर्किट यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी अपघातात त्यांचा एक डोळा गेला. डब्लिन येथे ते प्रथम यंत्रविद्या शिकत होते. परंतु ख्रिस्ती सोबत्यांच्या संगतीत त्यांचा विश्वास दृढ झाला व ते वैद्यकाकडे वळले. आफ्रिकेतील सरकारी नोकरीसाठी केलेला त्यांचा अर्ज एक डोळा नसल्यामुळे नामंजूर झाला. तरी धीर न सोडता, महायुद्धात सैन्याची सेवा केल्यावर, सन १९४६ मध्ये ते शस्त्रवैद्य होऊन युगांडात गेले.

सन १९५७ मध्ये कंपाला येथील मुलागो इस्पितळात त्यांस पाच वर्षांचा एक मुलगा दाखविण्यात आला. त्याचे दोन्ही जबडे दोन्ही बाजूंनी सुजले होते व दात हलत होते. थोड्याच दिवसांनी जिंजा गावी इस्पितळाच्या खिडकीतून त्यांस तसेच दुसरे मूल दिसले. त्याच्या पोटातही गाठी होत्या. जुनी टिपणे चाळता हा एकच रोग असल्याचे त्यांनी ताडले.

हा पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग होय. त्याची गाठ एकदोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. तो मेंदूच्या आवरणांत किंवा कण्यात शिरला म्हणजे मुलाचा चेहरा वाकडा होतो, डोळा फिरेनासा होतो, किंवा पाय लुळे पडतात. शिरेतून दिलेली पुष्कळशी औषधे मेंदूपर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून कण्यातील पाण्यात सुईने औषध घालावे लागते.

शस्त्राने हा रोग हटत नाही हे पाहून बर्किट यांनी नवी औषधे मिळवून दिली. कित्येक मुलांची सूज उतरली, काही पूर्ण बरी झाली. सन १९६१ मध्ये दोघा सोबत्यांसह जुन्या मोटारीतून त्यांनी दहा आठवड्यांत सुमारे दहा हजार मैल प्रवास केला, आणि उष्ण व पावसाळी प्रदेशांतच हा रोग फार आढळतो हे दाखविले. तेच प्रदेश हिवतापाचेही होत. सन १९६४ मध्ये एप्स्टाइन व त्यांच्या सोबत्यांस या गाठीत एक नवा विषाणू सापडला. सन १९९३ मध्ये बर्किट निवर्तले. रोगास मात्र त्यांचेच नाव राहिले.

वाचकहो, आज हा रोग वेळीच ओळखून पुरे उपचार झाले तर पुष्कळ मुले वाचतात, मेंदूपर्यंत पोहोचलेला असला तरीही कित्येक वाचतात. म्हणून मुलाचा जबडा किंवा पोट झपाट्याने सुजू लागले, अथवा चेहरा वाकडा झाला, तर अंगारेधुपाऱ्यांत एक दिवसही न दवडता त्यास मोठ्या इस्पितळात न्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.