चार्ल्स गिल्पिन : शब्द बदलणारा नट

नाटकात लेखकाने लिहिले तेच नटाने बोलावे, असा नियम आहे. गिरणी सुटल्यावर आम्हीही चाळीच्या नाटकांत कामे केली, तेव्हा तो पाळला. अमेरिकेतल्या एका काळ्या नटाने मात्र तो मोडला आणि त्याची किंमतही मोजली. त्यांचे नाव चार्ल्स गिल्पिन.

त्यांचा जन्म १८७८ सालचा, व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरातला. गुलामगिरी कायद्याने गेली होती, गोऱ्यांच्या मनातून गेली नव्हती. पोरवयातच ते छापखान्यात उमेदवारीला लागले. १८९६ पासून फिरत्या खेळांत नाच-गाणे करू लागले. पण नाटकावर पोट कसे भरणार? मग कधी छापखाना, कधी न्हाव्याचे काम, कधी लिफ्टमनची नोकरी. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, लाफायेत थिएटरात त्यांचे नाव झाले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकत होते, ते हेच शहर.

१ नोव्हेंबर १९२० रोजी यूजीन ओनील यांचे 'द एम्परर जोन्स' रंगमंचावर आले. रेल्वेतला एक काळा पोर्टर पळून एका बेटावर जातो, बादशहा होतो, आणि शेवटी प्रजा उठल्यावर जंगलात धावत सुटतो. बहुतेक नाटक एकट्या जोन्सचे. गिल्पिननी ते अंगावर पेलले. दोनशेवर प्रयोग झाले.

१९२१ साली ड्रामा लीगने वर्षातल्या दहा मानकऱ्यांत त्यांना निवडले. पण काळ्या माणसाला पंगतीला बसवायचे कसे, म्हणून काहीजण अडून बसले. तेव्हा खुद्द ओनील यांनीच इतर कलावंतांना बहिष्कारासाठी उभे केले. लीग नमली. गिल्पिन जेवायला गेले. त्याच वर्षी त्यांना काळ्या समाजाचे मानाचे स्पिनगार्न पदकही मिळाले.

पण त्या नाटकात काळ्या माणसाला हिणवणारा शब्द पुन्हा पुन्हा येई. रोज तो तोंडाने उच्चारायचा, हे गिल्पिनना सोसवेना. ते त्या जागी साधा, सभ्य शब्द घालू लागले. ओनील भडकले. पंगतीसाठी भांडणारा माणूस एका शब्दासाठी हटून बसला! १९२४ साली नाटक पुन्हा आले तेव्हा, आणि १९२५ साली लंडनलाही, ती भूमिका पॉल रॉबसन यांना मिळाली. १९२६ साली गिल्पिन पुन्हा जोन्स झाले, पण ते पहिले दिवस परत आले नाहीत.

त्याच वर्षी 'टेन नाइट्स इन अ बाररूम' या मूकपटात त्यांनी दारूपायी पोटची मुलगी गमावणाऱ्या बापाचे काम केले. इथे शब्दच नव्हते, सगळे चेहऱ्यावर. हा चित्रपट आजही उपलब्ध आहे.

६ मे १९३० रोजी ते गेले. १९४६ साली ओनील यांनी कबूल केले, की आपल्या मनातली भूमिका पुरेपूर उभी केली ती एकट्या गिल्पिननी.

हिणवणारी हाक काळजात कशी रुतते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून आम्ही म्हणतो, गिल्पिननी नाटक बिघडवले नाही, माणूस राखला.