मीर सुलतान खान : मरणोत्तर ग्रँडमास्टर

विद्यार्थी मित्रांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही बुद्धिबळाचा पट मांडता. प्यादं पहिल्या चालीत दोन घरं जाऊ शकतं, राजाला किल्लेकोट करता येतो, हे तुम्हाला पाठ आहे. पण आपल्या जुन्या देशी खेळात प्यादं एकच घर सरकायचं आणि आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. त्याच देशी खेळावर वाढलेल्या खेळाडूची ही माहिती.

मीर सुलतान खान यांचा जन्म पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडिलांनीच त्यांना खेळ शिकवला. पुढे ते सर उमर हयात खान या जमीनदारांच्या पदरी राहिले आणि तिथे त्यांनी पाश्चात्त्य नियम शिकून घेतले. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले.

१९२९ मध्ये ते मालकांबरोबर लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले! युरोपातले खेळाडू सुरुवातीच्या चालींचा पुस्तकांतून अभ्यास करून येत. सुलतान खान यांच्याकडे ती शिदोरी नव्हती. त्यात तिथली थंडी सोसेना. तरी १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवलं. तीन ऑलिम्पियाडमध्ये ते इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर खेळले.

१९३३ अखेर मालक भारतात परतले, तसे तेही परतले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याशी दहा डावांचा सामना झाला. त्यात नऊ डाव सुलतान खान यांनी जिंकले, एक बरोबरीत सुटला. त्यानंतर मोठ्या स्पर्धांची दारं बंदच झाली. ते गावी शेती बघत राहिले. १९६६ मध्ये क्षयरोगाने त्यांचं निधन झालं.

ग्रँडमास्टर किताब १९५० पासून अधिकृतपणे दिला जाऊ लागला. सुलतान खान यांना जिवंतपणी तो मिळाला नाही. २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी, फिडे या जागतिक संघटनेने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

मुलांनो, त्यांची बुद्धी १९३३ नंतर काही आटली नव्हती. आटली ती संधी, कारण ती दुसऱ्याच्या हातात होती. आज धुळे-जळगावच्या खेड्यातलं पोरही तालुका स्पर्धेत नाव देऊ शकतं. यंदाच्या स्पर्धेसाठी नाव द्यायला विसरू नका.