निरोपाची पोच : क्लोद शाप याचें चरित्र

निरोप पाठविणें हें अर्धेंच काम होय. तो कोठवर गेला, वाटेंत अडला कीं पोंचला, हें पाठविणारास कळलें म्हणजे तें काम पुरें होतें. ही गोष्ट ज्यानें नीट ओळखली, त्या क्लोद शाप या फ्रेंच संशोधकाचें चरित्र आम्ही आज विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों. त्याचें आडनांव मराठी कानास अशुभ वाटेल. पण त्याचें कार्य जगास वरदानच ठरलें.

शापचा जन्म फ्रान्समधील ब्रूलों या गांवीं २५ डिसेंबर १७६३ रोजीं झाला. त्याचें शिक्षण धर्मसेवेसाठीं झालें होतें. परंतु १७८९ सालीं राज्यक्रांतीस आरंभ झाला आणि पुढें त्याचें धर्मखात्याचें उत्पन्न बुडालें. तेव्हां खचून न जातां त्यानें भावांच्या साहाय्यानें दूरवर निरोप पाठविण्याचे प्रयोग आरंभिले. २ मार्च १७९१ रोजीं ब्रूलों व पार्से या गांवांमध्यें त्याचा प्रयोग यशस्वी झाला. पुढें पॅरिसमध्यें मात्र, राजपक्षास गुप्त खुणा केल्या जात आहेत अशा संशयानें जमावानें त्याचें यंत्र नष्ट केलें. तरीहि त्यानें धीर सोडला नाहीं.

१७९४ सालीं पॅरिसपासून लील शहरापर्यंत त्याच्या मनोऱ्यांची रांग उभी राहिली. प्रत्येक मनोऱ्यावर एक मोठी फिरती तुळई असे व तिच्या दोन्ही टोकांस एकेक फिरता हात असे. मनोऱ्यावरील माणूस दुर्बिणींतून मागील मनोऱ्याची खूण पाही, ती आपल्या यंत्रावर तशीच उभारी, आणि पुढील मनोऱ्यानें ती बरोबर घेतली कीं नाहीं हेंहि पाही. खूण प्रथम तुळई तिरपी ठेवून करीत. मग तुळई उभी किंवा आडवी केली म्हणजे ती खूण पक्की समजत. धुकें पडलें, यंत्र बिघडलें, चूक झाली, अशा वार्तांसाठीं वेगळ्या खुणा होत्या. मधल्या माणसांस या कामकाजाच्या खुणा तेवढ्या समजत. निरोपाचा अर्थ त्यांस ठाऊक नसे. अशा रीतीनें निरोप गुप्त राही, आणि तो कोठें अडला हेंहि कळे.

ऑगस्ट १७९४ च्या अखेरीस कोंदे हें गांव शत्रूकडून परत घेतल्याची वार्ता याच मार्गानें पॅरिसच्या लोकसभेस कळली. सभेनें उलट निरोप धाडला, आणि सभा चालू असतांच त्याची पोच आली!

पुढें १८५० च्या सुमारास विजेच्या तारेनें या मनोऱ्यांची जागा घेतली. पण त्यांमागील तत्त्व टिकलें. आजचे संगणकहि निरोपाचे लहान लहान भाग करून पाठवितात, पलीकडून पोच घेतात, आणि न पोंचलेला भाग पुन्हा धाडतात. किती भाग गेला, किती उरला, हें पडद्यावर दिसतें तेव्हां पाठविणाराचा जीव स्वस्थ होतो.

शापचा अंत मात्र दुःखद झाला. प्रतिस्पर्धी त्याचें श्रेय नाकारूं लागले. त्यांत आजार व खिन्नता यांची भर पडली. २३ जानेवारी १८०५ रोजीं पॅरिस येथें त्यानें आपल्या हातानें जीवनयात्रा संपविली. सर्व देशाच्या निरोपांची खबर ठेवणारा हा पुरुष मनानें असा एकाकी पडला, याचें आम्हांस फार वाईट वाटतें.

विद्यार्थिमित्रहो, धुक्याची खूण दिसतांच मागील मनोरा थांबे आणि वाट पाही. आपला एकादा सोबती उदास दिसला, तर त्याची विचारपूस करण्यास आपणहि थांबावें. आणि आपलें मन जड झालें, तर तें आईबापांस किंवा गुरुजनांस अवश्य कळवावें.