हेनिंग होल्क-लार्सन

होल्क-लार्सन यांचा जन्म १९०७ साली डेन्मार्कमध्ये झाला. १९३७ साली ते सिमेंटच्या यंत्रांच्या कामासाठी हिंदुस्थानात आले. पुढच्याच वर्षी आपले देशबांधव टुब्रो यांच्यासह त्यांनी मुंबईत भागीदारी सुरू केली. कचेरी इतकी लहान की एका वेळी एकालाच बसता येई! मायदेशाहून दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून ते विकीत. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला आणि माल येणे बंद झाले. धंदा बुडण्याची वेळ आली. पण खचून न जाता त्यांनी लहानसा कारखाना काढला, यंत्रे व जहाजे दुरुस्त करण्याची कामे हाती घेतली. त्या अडचणीतूनच ‘लार्सन अँड टुब्रो’ वाढली. १९७६ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक, तर २००२ साली पद्मभूषण मिळाले. २७ जुलै २००३ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. कामासाठी आलेला हा परदेशी मनुष्य अखेरपर्यंत इथलाच होऊन राहिला.