आलेखातली पायरी : झाक मोनो

एम.एस्सी.च्या वर्गात असताना मी एक लबाडी करता करता राहिलो. आतड्यातील ई. कोलाय हे जिवाणू दोन साखरांच्या मिश्रणात वाढवायचे आणि दर दहा मिनिटांनी द्रावणाचा गढूळपणा कलरिमीटरवर मोजायचा, असा प्रयोग होता. दोन साखरा कशासाठी, हे सरांनी सांगितले नव्हते. पुस्तकातला वाढीचा आलेख एका सलग वळणाने चढतो. माझा मध्येच थांबला, काही वेळ आडवा गेला आणि मग पुन्हा चढू लागला. आपल्याच हातून काहीतरी चुकले असे समजून मी मधले आकडे गाळायला निघालो होतो. तेवढ्यात सरांनी वही उचलली. ते रागावले नाहीत. या आडव्या पायरीवर एका माणसाने उभे आयुष्य खर्च केले, एवढेच म्हणून त्यांनी मला ग्रंथालयात पाठवले. झाक मोनो हे नाव मी त्या दिवशी प्रथम वाचले.

मोनो यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९१० रोजी पॅरिस येथे झाला. वडील चित्रकार, आई अमेरिकन. बालपण दक्षिण फ्रान्समधील कान या समुद्रकाठच्या गावी गेले. लहानपणी झालेल्या पोलिओने एक पाय अधू केला, तरी पुढे ते हौसेने कडे चढत. चेलो वाजवीत आणि बाखच्या रचना गाणारा वृंदही चालवीत. १९३४ साली ते एका संशोधन जहाजावरून ग्रीनलंडला जाऊन आले. १९३६ साली पुन्हा त्याच जहाजाने जायचे होते, पण बोरिस एफ्रुसी या शास्त्रज्ञाने त्यांना आनुवंशिकी शिकण्यासाठी कॅलिफोर्नियाला नेले. ते जहाज आइसलंडच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यावरचा एकच माणूस वाचला. इकडे कॅलिफोर्नियात मोनो यांचा बराच वेळ संगीतात गेला. तिशी उलटेपर्यंत त्यांच्या नावावर मोठे असे संशोधन नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण बाविसाव्या वर्षी पहिला वर्ग हुकला म्हणून सारे संपले असे मानणारी मुले दरवर्षी माझ्यासमोर बसतात.

१९४० साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. त्या काळात सोरबोन विद्यापीठात मोनो जिवाणूंना ग्लुकोज आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, एकत्र देऊन त्यांची वाढ मोजत होते. जिवाणू आधी ग्लुकोज संपवीत. मग वाढ थांबे आणि काही वेळाने ते लॅक्टोजकडे वळत. ताटात कुंदा आणि भाकरी वाढली तर आपणही आधी कुंदा संपवू, पण भाकरीला हात लावण्यापूर्वी ताटकळत बसणार नाही. मग हे जिवाणू का थांबतात? मोनो यांनी ही पायरी आंद्रे ल्वॉफ या ज्येष्ठ स्नेह्याला दाखविली. थांबलेल्या वेळात जिवाणू लॅक्टोज फोडणारे एन्झाइम तयार करीत असावेत, असा ल्वॉफ यांचा तर्क होता. तसे असेल तर एन्झाइम बनविण्याची कला जिवाणूच्या अंगी आधीपासून होती, गरज पडेपर्यंत ती झाकलेली होती. ती झाकतो कोण आणि उघडतो कोण, हा प्रश्न मोनो यांनी पुढची वीस वर्षे सोडला नाही.

मात्र याच काळात ते केवळ प्रयोगशाळेत बसून राहिले नाहीत. त्यांची पत्नी ओदेत ज्यू घराण्यातली, त्यामुळे संकट थेट घरातच होते. मोनो सशस्त्र प्रतिकार दलात सामील झाले. गुप्त कागद ते आपल्या खोलीबाहेर मांडलेल्या जिराफाच्या पायात दडवीत. सोरबोनमध्ये वावरणे धोक्याचे झाले तेव्हा ल्वॉफ यांनी पाश्चर संस्थेत त्यांना कामापुरती जागा दिली. १९४४ पर्यंत ते प्रतिकार दलाच्या राष्ट्रीय नेतृत्वात पोचले होते.

लढ्याच्या निमित्ताने ते कम्युनिस्ट पक्षात गेले होते; युद्धानंतर बाहेर पडले. १९४८ साली सोव्हिएत रशियाने लायसेंकोचे मत अधिकृत ठरवून जनुकांचे शास्त्र त्याज्य मानले. तेव्हा मोनो यांनी पॅरिसच्या कोंबा या दैनिकात लेख लिहून त्याचा जाहीर निषेध केला. कालच्या सोबत्यांना हे रुचणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

दुसऱ्याची चूक दाखविणे त्या मानाने सोपे. मोनो यांची खरी कसोटी पुढे लागली. साखरच पेशीला एन्झाइम बनवायला लावते, अशी त्यांची बरीच वर्षे धारणा होती. १९५७ पासून आर्थर पार्डी आणि फ्रान्स्वा झाकॉब यांच्यासह केलेल्या प्रयोगांत मात्र उलटेच दिसले. एन्झाइमचे काम सुरू व्हायला तयारच असते, पण एका वेगळ्या जनुकाने निर्माण केलेला पदार्थ दाराला अडसर घालून बसतो. लॅक्टोजपासून बनलेला एक पदार्थ त्या अडसराला चिकटतो आणि दार उघडते. मोनो यांनी आपली जुनी कल्पना सोडली. १९६१ साली झाकॉब व त्यांनी ही सारी व्यवस्था सविस्तर मांडली. तिला ऑपेरॉन म्हणतात. १९६५ चे नोबेल पारितोषिक मोनो, झाकॉब आणि ल्वॉफ या तिघांना मिळाले.

आतड्यातल्या जिवाणूंत जे आढळले ते सर्व प्राण्यांत तसेच असेल, अशी मोनो यांची अपेक्षा होती. ती तंतोतंत खरी ठरली नाही. यीस्ट आणि उंदीर यांच्या पेशींत जनुकांवरचा ताबा पुष्कळ गुंतागुंतीचा निघाला. पण उंदराच्या यकृतात आणि डोळ्यात जनुके तीच असताना पेशी वेगळ्या का, या प्रश्नाची वाट त्या पायरीवरूनच पुढे गेली.

१९६० साली हंगेरीतून अग्नेस उलमान या शास्त्रज्ञ स्त्रीला आणि तिच्या पतीला चोरून बाहेर काढण्याची योजना मोनो यांनीच आखली होती. १९७१ साली ते पाश्चर संस्थेचे संचालक झाले आणि ३१ मे १९७६ रोजी कान येथे रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आता मीही प्रात्यक्षिके घेतो. एखादा विद्यार्थी फारच देखणा आलेख घेऊन आला की मी त्याच्याकडे कच्ची वही मागतो. तो घाबरतो. मग मी माझी जुनी वही काढतो आणि पेन्सिलीने अर्धवट खोडलेले ते चार आकडे त्याला दाखवतो.