रॉब रॉय होडीचे धनी जॉन मॅक्ग्रेगर

मुलांना पाण्याची ओढ असते व पालकांना पाण्याची धास्ती असते. या दोन्ही गोष्टी आपापल्या परी योग्यच आहेत, असें आम्हांस वाटतें. ओढ व धास्ती या दोहोंतून शहाणपण कसें निर्माण होतें, हें ज्यांच्या आयुष्यांत दिसतें अशा एका पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन मॅक्ग्रेगर यांचा जन्म इंग्लंडांत ग्रेव्हझेंड येथें ता. २४ जानेवारी १८२५ रोजीं झाला. वडील लष्करांत मेजर होते. मूल अवघ्या कांहीं आठवड्यांचें असतांच आईबाप त्यास घेऊन केंट नांवाच्या जहाजांतून बंगालकडे निघाले. बिस्केच्या उपसागरांत वादळ चालू असतां ता. १ मार्च रोजीं जहाजास आग लागली. जहाजावर सहाशेंहून अधिक माणसें होतीं. मरण अटळ आहे असें समजून वडिलांनीं चिठ्ठी लिहून ती एका बाटलींत घालून ठेविली. इतक्यांत कॅम्ब्रिया नांवाचें लहानसें जहाज मदतीस आलें व पांचशेंहून अधिक लोक वांचले. त्यांत हें तान्हें मूल व त्याचे आईबापही होते. ती बाटली सुमारें दीड वर्षानें दूर बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्यास लागली. ज्यास पाण्यानें पाळण्यांतच गांठलें, तोच पुढें पाण्याचा सखा झाला, ही नवलाची गोष्ट होय.

डब्लिन व केंब्रिज येथें शिक्षण घेऊन मॅक्ग्रेगर बॅरिस्टर झाले. परंतु त्यांचें मन वकिलीपेक्षां लंडनमधील निराधार मुलांत अधिक रमे. १८५१ सालच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं अशा मुलांना बूट पुसण्याचें प्रामाणिक काम मिळवून देणारी जी संस्था निघाली, तिच्या उभारणींत त्यांचा मोठा वांटा होता.

१८६५ सालीं त्यांनीं एक होडी बांधविली व तिला रॉब रॉय हें नांव दिलें. तिची लांबी १५ फूट, रुंदी २८ इंच, खोली ९ इंच व वजन सुमारें ८० पौंड होतें. ती ओक व सीडर यांच्या लांकडाची असून मध्यें बसण्यापुरती जागा सोडून वरून झांकलेली होती. हा नमुना ध्रुवप्रदेशांतील एस्किमो लोकांच्या कायाक नांवाच्या कातडी होडीवरून घेतलेला होता. वल्हें ७ फूट लांब असून त्याच्या दोन्ही टोकांस पातीं होतीं. वल्हीं मारणारा सामान्य नावाडी ज्या दिशेस जावयाचें तिकडे पाठ करून बसतो. कायाकमध्यें बसणारा मात्र समोर तोंड करून बसतो. वाट पाहून चालणें हाच या होडीचा मोठा गुण होय.

त्याच वर्षीं ते एकटेच निघाले. मॅझ, ऱ्हाइन, डॅन्यूब, रॉयस, मोझेल, सेन अशा नद्या व मार्गांतील सरोवरें मिळून सुमारें एक हजार मैलांचा प्रवास झाला. प्रत्येक पाण्याची प्रकृति निराळी असते. संथ नदींत थोडक्या श्रमानें पुष्कळ मजल मारतां येते. जेथें पात्र अरुंद होऊन पाणी खडकांवरून धांवत सुटतें, तेथें शहाणा नावाडी आधीं कांठावर उतरून वाट पाहून घेतो, व जमण्यासारखें नसेल तर होडी उचलून पायवाटेनें नेतो. तसें करण्यांत कमीपणा नाहीं. सरोवर शांत दिसतें खरें. पण वारा सुटतांच उघड्या पाण्यावर लाटा उठतात, म्हणून कांठ सोडून फार दूर जाऊं नये. समुद्रांत भरती-ओहोटीचें मान सांभाळावें लागतें, व तेथें होडीचें वरचें झांकण प्राण वांचवितें.

या प्रवासावरील त्यांचें पुस्तक १८६६ सालीं प्रसिद्ध झालें व घरोघर वाचलें गेलें. त्याच वर्षीं त्यांनीं लंडनमध्यें होडीवाल्यांचें मंडळ स्थापिलें. १८७३ पासून त्यास राजाश्रयाचें बिरुद मिळालें.

१८६८-६९ सालीं ते सुएझचा कालवा, नाईल नदी व यार्देन नदी यांवर होडी घेऊन गेले. हुले सरोवराजवळच्या लव्हाळ्यांच्या दलदलींत तेथील अरबांनीं त्यांना पकडलें, व ते होडींतून उतरेनात तेव्हां होडीसकट उचलून शेखच्या तंबूकडे नेलें. मॅक्ग्रेगर रागावले नाहींत कीं घाबरले नाहींत. शांतपणानें बोलत राहिले व सुखरूप सुटले. धांवत्या पाण्यानें शिकविलेला धीर माणसांतही उपयोगी पडला.

१८७० सालीं ते लंडनच्या पहिल्या शाळामंडळावर निवडून आले, व मुलांच्या शिक्षणाचें काम त्यांनीं कळकळीनें केलें. ता. १६ जुलै १८९२ रोजीं बॉस्कम येथें त्यांचा अंत झाला. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत या होड्यांच्या शर्यतींना प्रथमच पदकें मिळालीं. तो दिवस पाहण्यास मॅक्ग्रेगर नव्हते.

त्यांच्या चरित्रावरून आम्हांस असें वाटतें कीं, पाण्याला भिऊन कांठावर बसणें व न पाहतां उडी घेणें हीं दोन्ही सारखींच चुकीचीं आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनीं आधीं पोहावयास शिकावें, जाणत्याच्या देखरेखीखालीं वल्हें हातीं घ्यावें, आणि मॅक्ग्रेगरांप्रमाणें तोंड नेहमीं पुढील वाटेकडे ठेवावें.