बर्फाची नाडी ओळखणारा माणूस

कला शाखेच्या वार्षिकांकात यंत्रे बनविणाऱ्या माणसाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकमित्रांना पडेल. आपल्या अंकांतून संत येतात, समाजसुधारक येतात, कवी आणि नट येतात. गॅरेजवाला सहसा येत नाही. तरीही मी जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांच्याविषयी लिहायचे ठरविले. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून हिमरेषा, हिमनदी, हिमप्रपात हे शब्द मी पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळविले. पण बर्फ माणसाच्या घरात शिरून काय करू शकतो, हे मला या एका आयुष्याने शिकविले. शिवाय हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. २०१५ सालापासून मुंबईच्या उपनगरी मार्गांवर ज्या नव्या लोकल धावू लागल्या, त्यांची विद्युत्-यंत्रणा याच नावाच्या कंपनीची होती आणि रोजचे प्रवासी त्या गाड्यांना बंबार्डियर म्हणूनच ओळखू लागले. फ्रेंच बोंबार्दिएचे इंग्रजीत बंबार्डियर झाले, एवढाच काय तो फरक.

कॅनडातील क्वेबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत. त्यातल्या वालकूर या खेड्यात १६ एप्रिल १९०७ रोजी आर्मांचा जन्म झाला. वडील आल्फ्रेद आधी शेती करीत, पुढे त्यांनी दुकान टाकले. मुलाने धर्मगुरू व्हावे म्हणून त्याला शेरब्रूकच्या ख्रिस्ती विद्यालयात घातले. पण याचे चित्त प्रार्थनेपेक्षा घड्याळाच्या चाकांत अधिक. घरच्या मोटारीला मुलाने हात लावू नये म्हणून वडिलांनी त्याला फोर्डचे एक मोडके इंजिन खेळायला देऊन टाकले. वडिलांना वाटले असेल, बसेल महिनाभर खटपट करीत. पण १९२२ च्या अखेरीस, नाताळच्या सुटीत, पंधरा वर्षांच्या या मुलाने दोन घसरगाड्या एकमेकींना जोडल्या, मागे ते इंजिन आणि त्याला विमानासारखा लाकडी पंखा बसविला, पुढे सुकाणूपाशी धाकट्या भावाला बसविले आणि वालकूरच्या बर्फावरून प्रचंड गडगडाट करीत गाडी हाकली. गाव तोंडात बोट घालून बघत राहिले. उघडा फिरता पंखा पाहून वडिलांचे मात्र काळीज हलले. त्यांनी ती गाडी तत्काळ मोडायला लावली. मला त्यात वडिलांचे काही चुकले असे वाटत नाही. त्या पंख्याने एखाद्याचा हात सहज नेला असता.

धर्मगुरू होण्याचा विचार अखेर सुटला. गॅरेजांतून उमेदवारी झाली, माँट्रियलला दिवसा काम आणि रात्री यंत्रविद्येचे वर्ग झाले आणि १९२६ साली, एकोणिसाव्या वर्षी, वडिलांकडून कर्ज घेऊन त्यांनी वालकूरला स्वतःचे गॅरेज उघडले. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेक यांच्याशी विवाह झाला.

क्वेबेकचा हिवाळा आपल्या कल्पनेत बसणे कठीण आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की गाव दोन दिवस तुटते. तेथे त्या काळी खेडी महिनेच्या महिने तुटत. नोव्हेंबर-डिसेंबरात मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवायच्या आणि वसंत ऋतू येईपर्यंत घोडा व घसरगाडी यांवर भिस्त ठेवायची, अशी रीत होती. त्यामुळे मोटारी दुरुस्त करणाऱ्याला हिवाळ्यात कामच नसे. त्या रिकाम्या महिन्यांत बोंबार्दिए बर्फावर चालणारी गाडी बनविण्याच्या मागे लागत. कधी मोटारीलाच पुढे पायपट्ट्या जोडून पाहा, कधी पुन्हा पंखा लावून पाहा, असे वर्षामागून वर्ष चालले होते.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों पोटदुखीने तळमळू लागला. आंत्रपुच्छाचा दाह होता आणि तो पोटात पसरला होता. शस्त्रक्रिया करू शकेल असे रुग्णालय शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. मधले सगळे रस्ते बर्फाखाली. गॅरेजमध्ये हिमगाडीचा नमुना होता, पण तो चालण्याच्या स्थितीत नव्हता. मूल गेले.

ही हकीकत सांगताना बरेच लोक असे सांगतात की, मुलाच्या मृत्यूमुळे त्यांनी हिमगाडी शोधून काढली. मला ही मांडणी खटकते. त्या वेळी ते बारा वर्षे याच कामात होते. मुलाच्या मृत्यूने त्यांना कल्पना दिली नाही. कल्पना होती, यंत्र जवळजवळ होते आणि तरी उपयोगाचे नव्हते. ज्याच्याजवळ काहीच नव्हते त्याच्यापेक्षा या बापाचे दुःख अधिक कडू असले पाहिजे, असे मला राहून राहून वाटते.

पुढच्या दोन वर्षांत त्यांनी जे केले ते समजण्यासाठी बर्फ म्हणजे एकच पदार्थ नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. नुकताच पडलेला भुरभुरीत बर्फ एका घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. वाऱ्याने दाबून बसविलेला तीन-चारशे किलो. आणि घट्ट गोठलेला निव्वळ बर्फ नऊशेच्या वर. पहिल्यात चाक रुतते, दुसऱ्यावर गाडी धावते, तिसऱ्यावर घसरते. उन्हाने ओलावलेला बर्फ चिखलासारखा चाकाला लपेटतो. रात्री वर गोठलेली पापडी सकाळी माणूस तोलते आणि दुपारी दगा देते. म्हणजे सकाळी चाललेली गाडी संध्याकाळी चालेलच, याची शाश्वती नाही. गाडीवर छप्पर कसले आणि बाके किती, हे प्रश्न त्यामानाने सोपे. खरा प्रश्न एवढाच की, खाली आज कोणता बर्फ आहे?

बोंबार्दिए यांचे उत्तर होते दातेरी चाक आणि पट्टा. रबर आणि कापड यांचा लांब पट्टा, त्यावर आडव्या पोलादी पट्ट्या आणि तो फिरविणारे, रबराने मढविलेले दातेरी चाक. रुंद पट्ट्यामुळे भार पसरला, गाडी रुतेना. आडव्या पट्ट्यांमुळे पकड आली. रबराला बर्फ चिकटेना, त्यामुळे दाते तुंबेनात. पुढे सुकाणूसाठी दोन पायपट्ट्या. १९३७ मध्ये या रचनेचे एकस्व त्यांना मिळाले आणि सात माणसांची बी-७ ही गाडी विक्रीला आली. बी म्हणजे बोंबार्दिए आणि सात म्हणजे बैठका. नाव ठेवण्यात त्यांनी वेळ दवडला नाही. पुढच्या काळात गाडीच्या आऱ्यांच्या चाकांत ओला बर्फ साचून चाके जड होतात असे दिसले, तेव्हा त्यांनी आरे काढून भरीव चाके घातली. प्रत्येक बदलामागे कुठल्या तरी एका प्रकारच्या बर्फाने केलेली अडवणूक आहे.

गाड्या कोणी घेतल्या? डॉक्टरांनी, टपाल नेणाऱ्यांनी, हॉटेलवाल्यांनी. मागाहून बारा जणांची बी-१२ आली, शाळकरी मुलांना नेणारी मोठी गाडी आली. १९४२ मध्ये रीतसर कंपनी झाली. युद्धकाळात सैन्यासाठी हिमवाहने बनविली. ज्या प्रांतात एका बापाला पन्नास किलोमीटर जाता आले नाही, तेथे डॉक्टर मध्यरात्रीही रोग्याच्या दारी पोहोचू लागला.

आणि मग सरकारनेच घाव घातला. घाव म्हणजे कसला, लोकांच्या दृष्टीने ते उत्तमच झाले: १९४८ मध्ये क्वेबेकने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवण्याचा कायदा केला. रस्ते मोकळे झाल्यावर हिमगाडी कोण घेणार? विक्री धाडकन खाली आली. बोंबार्दिए रडत बसले नाहीत. बर्फात न रुतणारे यंत्र दलदलीतही रुतणार नाही, हे ओळखून त्यांनी जंगले, दलदली आणि तेलक्षेत्रे यांसाठी पट्ट्यांवर चालणारी वाहने काढली. त्यांतला मस्केग हा ट्रॅक्टर १९५३ चा. दूरदेशी तो खपला.

तरी मनातली जुनी छोटी गाडी गेली नव्हती. एकट्या माणसाची, हलकी, पंधराव्या वर्षी हाकली होती तशी. इंजिने तेवढी हलकी नव्हती म्हणून ती अडली होती. पन्नाशीच्या दशकात हलकी इंजिने मिळू लागली, थोरल्या मुलाने, जर्मां याने, एकसंध रबरी पट्टा सिद्ध केला आणि १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. पहिल्यांतली एक उत्तर ओंटारियोतल्या एका मिशनरी पाद्रींकडे गेली. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा तिने घ्यावी, फासेपारधी, मोजणीदार, पाद्री यांनी ती वापरावी, असा हेतू. पहिल्या वर्षी २२५ गाड्या खपल्या. पण लोकांनी तिचे वेगळेच केले: त्यांना ती खेळायला हवी होती! पाच वर्षांत वार्षिक विक्री आठ हजारांवर गेली.

येथे मी थोडा आडवाटेला जातो, कारण भूगोलाच्या विद्यार्थ्याला हीच वाट सर्वांत महत्त्वाची वाटते. वालकूरचा मुलूख फार डोंगराळ नाही. तेथे बर्फाला विचारायचा प्रश्न एकच: तू माझे वजन तोलशील का? पण स्नोमोबाइलची इंजिने जसजशी दमदार होत गेली तसतशी ती हजारो किलोमीटर पश्चिमेला, ब्रिटिश कोलंबियाच्या उंच पर्वतांत चढू लागली. तेथे दुसरा प्रश्न उभा राहतो: तू उतारावर टिकून राहशील का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पट्टा देतो. दुसऱ्याचे उत्तर कोणतेही यंत्र देत नाही.

धोकादायक उतार बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांचे असतात, म्हणजे स्वारांना चढायला सर्वांत आवडणारे. थंड कोरड्या दिवसांत बर्फाच्या पोटात रवाळ साखरेसारखा सैल थर तयार होतो. त्यावर नवा बर्फ पडून, वाऱ्याने घट्ट होऊन, लादी बसते. मोहरीच्या दाण्यांवर शहाबादी फरशी ठेवून ती तिरकी धरावी, तसा प्रकार. वरून सारे मजबूत, पांढरेशुभ्र. एका गाडीच्या भाराने खालचा थर बसतो आणि अख्खी लादी सुटते. मोठ्या आवाजाने हिमप्रपात कोसळतो ही समजूत चुकीची आहे. कोसळवतो तो भार. इंजिनाच्या आवाजाचा धोका निराळाच असतो: लादी बसताना जो धप्प असा दबका आवाज येतो, तो स्वाराला ऐकूच येत नाही.

म्हणून जाणकार माणूस निघण्यापूर्वी हिमप्रपाताचे सूचनापत्र वाचतो. पण ते एका विस्तृत प्रदेशाचे असते, समोरच्या उताराचे नसते. म्हणून तो इंजिन बंद करून उतरतो. शेजारच्या उतारांवर ताजे प्रपात दिसतात का, पायाखालून भेगा धावतात का, वाऱ्याने कोणत्या बाजूला बर्फ नेऊन टाकला, ऊन एकदम वाढले का, हे पाहतो. मग खड्डा खणून थर पाहतो. बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा असे तीस ठोके देतात; कितव्या ठोक्याला कोणता थर निसटतो ते पाहतात. वैद्याने नाडी पाहावी तसे हे आहे, आणि वैद्याप्रमाणेच येथेही एका जागची नाडी सबंध डोंगराची नसते. उतार एका वेळी एकाच गाडीने ओलांडायचा. बाकीच्यांनी खाली, प्रपाताच्या वाटेत, थांबायचे नाही. कोणाची गाडी वर रुतली तर दुसरी गाडी घेऊन मदतीला धावायचे नाही. हा शेवटचा नियम पाळणे माणसाच्या स्वभावाला किती जड आहे! प्रत्येकाजवळ संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे हवे, कारण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते.

डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील फर्नी गावाजवळच्या पर्वतांत अकरा स्नोमोबाइलस्वार होते. पहिल्या प्रपातात सात जण गाडले गेले. उरलेले चौघे धावत आले आणि खणू लागले, आणि त्यांच्या अंगावर दुसरा प्रपात आला. अकरांपैकी तिघेच वाचले. मार्च २०१० मध्ये रेव्हलस्टोकजवळ बोल्डर पर्वतावर स्वारांचा मेळावा भरला असताना प्रपात आला. दोघे दगावले, तीसच्या आसपास जखमी झाले. हे सारे यंत्राचे पाप आहे असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. बोंबार्दिए यांच्या यंत्राने अंतर कापले, ते त्याचे काम होते. पूर्वी दिवसभरात एखादा उतार चढणारा माणूस आता तासाभरात दहा उतार चढतो, आणि तेवढ्या वेळा ती नाडी पाहण्याचा धीर त्याला राहत नाही, एवढेच खरे.

बोंबार्दिए यांनी यातले काहीच पाहिले नाही. १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, ऐन हिवाळ्यात, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न. स्की-डू जोरात चालली होती, तरी कारखान्याने त्या एकाच गाडीवर विसंबून राहू नये अशी त्यांची सावध वृत्ती होती. १९४८ चा चटका ते विसरले नसावेत. तो चटका पुन्हा बसलाच. १९७३ च्या तेलसंकटात स्नोमोबाइलींची विक्री घसरली. तेव्हा कंपनीची सूत्रे जावई लोरां बोद्वां यांच्या हाती होती. त्यांनी १९७४ मध्ये माँट्रियलच्या भुयारी रेल्वेचे डबे बनविण्याचे काम मिळविले. त्यातून रेल्वे, पुढे विमाने आणि शेवटी आपल्या लोकलची यंत्रणा. स्नोमोबाइलींचा विभाग २००३ मध्ये वेगळा झाला आणि रेल्वेचा व्यवसाय २०२१ मध्ये आल्स्टोम या फ्रेंच कंपनीकडे गेला.

वालकूरला त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. १९२६ चे ते गॅरेज तेथे जतन करून ठेवले आहे. ज्या शेरब्रूकपर्यंत १९३४ च्या हिवाळ्यात पोहोचता आले नाही, त्याच शहरात तीस वर्षांनी त्यांचा अंत झाला. या वेळी रस्ता मोकळा होता.